इंग्लंडच्या शांत रानात पहिल्यांदा जाताना

स्लाव, हाउन्स्लो, वेम्बली या भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत शनिवार-रविवारचे बेत साधारण ठरलेले असतात. लंडन आय होतं, विंडसरचा किल्ला होतो, मग कुणाच्या तरी घरी मिसळ. स्लावच्या उत्तरेला, गाडीने वीस मिनिटांच्या आत, बर्नहॅम बीचेस नावाच्या रानात (यातलं बीच म्हणजे झाड, समुद्रकिनारा नव्हे) चारशे-पाचशे वर्षांची झाडं उभी आहेत याची बहुतेकांना कित्येक महिने कल्पनाच नसते. मलाही दोन वर्षं नव्हती. आता मात्र घरी कुणी नवीन आलं की मी त्यांना आधी तिथे नेते.

नेण्याआधी दोन प्रश्न हमखास येतात. ‘तिथे जायला परवानगी लागते का?’ आणि ‘तिथे बघायला काय आहे?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागतो. आपण महाबळेश्वरला जातो तेव्हा पॉइंट बघतो, माथेरानला जातो तेव्हा पॉइंट बघतो. गाडी थांबते, दरी दिसते, फोटो होतो. इंग्लंडच्या रानात पॉइंट नसतो. दरी नाही, धबधबा नाही, कठडा नाही. शोधायला गेलात तर अर्ध्या तासात ‘झाडंच आहेत की’ म्हणत परत याल. म्हणून हा लेख जागेइतकाच तिथे कसं असावं याबद्दलही आहे.

रान कुणाचं, आणि आपण जायचं का

इंग्लंडमधल्या प्रत्येक झाडीला कुणीतरी मालक असतो. कधी एखादं शेतकरी कुटुंब, कधी स्थानिक कौन्सिल, कधी नॅशनल ट्रस्ट किंवा वुडलँड ट्रस्टसारखी संस्था, कधी सरकारी वनखातं. वुडलँड ट्रस्टकडे एक हजाराहून जास्त रानं आहेत आणि त्यांत फिरायला पैसे लागत नाहीत. याउलट ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वायटम वुड्समध्ये जायला आधी परवाना काढावा लागतो, कारण तिथे अनेक दशकांपासून संशोधन चालू आहे. खासगी झाडीतून जायचं तर सार्वजनिक पायवाटेवरूनच. ती वाट मात्र कायद्याने आपली असते. मालकाच्या घराच्या खिडकीसमोरून गेली तरी चालायचं, संकोच करायचा नाही.

वाट ओळखायला खांबांवर लहान गोल चकत्या लावलेल्या असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर त्याच वाटेवर घोडे आणि सायकलीही येणार. एवढे दोन रंग लक्षात ठेवलेत तरी सुरुवातीला पुरे.

नकाशावर ‘वुड’, ‘कॉप्स’ (छोटी झाडी), ‘फॉरेस्ट’ आणि ‘कॉमन’ असे शब्द दिसतील. ‘फॉरेस्ट’ म्हणजे दाट जंगल असं समजू नका. मध्ययुगात तो राजाच्या शिकारीचा राखीव प्रदेश होता आणि त्यात उघडी माळरानंही येत. ‘कॉमन’ हा शब्द आपल्याला जास्त जवळचा आहे: जवळपास आपलं गायरानच. जमीन एखाद्या जहागीरदाराची, पण गावकऱ्यांना तिथे गुरं चारण्याचा, जळण गोळा करण्याचा हक्क.

पहिल्या भेटीसाठी माझी निवड बर्नहॅम बीचेस. लंडनच्या पश्चिमेला सुमारे २५ मैलांवर, बकिंगहॅमशरमध्ये, सुमारे ५४० एकरांचं हे रान आहे. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून त्याला संरक्षण आहे. हेच रान का, त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती मी प्रत्येक पाहुण्याला चालता चालता सांगते.

१८७९ मध्ये ही जमीन विकायला निघाली होती. जाहिरातीचा सूर असा की इथे उत्तम बंगले बांधता येतील. फ्रान्सिस जॉर्ज हीथ या निसर्गप्रेमी लेखकाने त्याविरुद्ध आवाज उठवला. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनला आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, संसदेने एक अधिकार दिला होता: शहरापासून २५ मैलांच्या आतली मोकळी जमीन लोकांच्या विरंगुळ्यासाठी विकत घेऊन राखण्याचा. सर हेन्री पीक या खासदाराने सगळी जमीन घेतली आणि त्यातला रानाचा भाग १८८० मध्ये कॉर्पोरेशनला विकला. तेव्हापासून ते रान लोकांसाठी उघडं आहे. कायद्यातले ‘लोक’ म्हणजे इथले करदाते नव्हेत, इंग्लंडमध्ये जन्मलेले नव्हेत, नुसतेच लोक. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले तुमचे बाबाही त्यात बसतात. त्यामुळे फाटकापाशी घुटमळू नका.

कधी जायचं

वर्षभर जाता येतं, पण पहिल्या भेटीची छाप राहते, म्हणून दोन काळ सुचवते.

पहिला, एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. बीच या झाडाला याच सुमारास पालवी फुटते. पान इतकं पातळ आणि मऊ असतं की ऊन त्यातून आरपार जातं आणि सबंध हवाच पोपटी दिसते. कडेला बारीक रेशमी लव असते. हात लावून बघा, तोडू नका. हा पोपटी रंग जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. मग पानं जाड आणि गडद होतात, खाली सावली दाटते.

दुसरा, ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. तेव्हा बीच आधी पिवळं, मग तांबूस, मग जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं होतं. जमिनीवर पानांचा घोट्याएवढा थर असतो आणि चालताना आवाज होतो. आपल्याकडे सागाच्या पानगळीत उन्हाळ्याच्या तोंडाशी असाच आवाज येतो. इथे तो थंडीच्या तोंडाशी येतो.

निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा पाहायचा असेल तर तो एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यासाठी मात्र बर्नहॅम बीचेसपेक्षा हर्टफर्डशरच्या सीमेवरची अ‍ॅशरिज इस्टेट चांगली, तिथलं डॉकी वुड त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे गर्दी होते, हे आधीच सांगते. जगातल्या एकूण ब्लूबेलांपैकी जवळपास निम्म्या ब्रिटनमध्ये आहेत असं मानतात, आणि १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. कंद उपटणं हा गुन्हा आहे. पण ज्या गोष्टीने सर्वांत जास्त नुकसान होतं ती गुन्हा वाटतच नाही: फोटोसाठी फुलांत शिरून बसणं. पानं चिरडली गेली की झाडाला कंदात अन्न साठवता येत नाही आणि सावरायला वर्षं लागतात. लहान मुलीला फ्रॉक घालून फुलांच्या मधोमध बसवायचा मोह मला कळतो. वाटेवर बसवा आणि कॅमेरा खाली जमिनीलगत धरा. फोटोत ती फुलांतच दिसेल.

दिवसाची वेळ सकाळची. सकाळी आठला पोहोचलात तर कुत्री फिरवणारी चार माणसं भेटतील आणि बाकी रान तुमचं. अकरानंतर गाड्या लागतात, मुलं येतात, शांतता पातळ होते.

हिवाळ्यात जाणार असाल तर एक गोष्ट घोकून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आधी मावळतो. झाडीत त्याही आधी अंधारतं. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात मी दुपारी अडीचला आत गेले, पानांच्या थराखाली वाट दिसेनाशी झाली, आणि एकच पोकळ झाड मला तीनदा भेटलं. फोनला रेंज नव्हती. शेवटी कुत्रा घेऊन चाललेल्या एका आजोबांनी काही न विचारता रस्त्यापर्यंत सोबत केली. तेव्हापासून माझा नियम आहे: सूर्यास्ताची वेळ बघायची, त्यातून एक तास वजा करायचा, आणि उरलेल्या वेळातला अर्धा संपला की वळायचं, समोर कितीही सुंदर काही असो.

कसं पोहोचायचं

गाडी असेल तर फार्नहॅम कॉमन या गावातून बीचेस रोडने आत वळायचं. पुढे लॉर्ड मेयर्स ड्राइव्ह नावाचा रस्ता लागतो आणि तिथेच गाड्या लावायची जागा आहे. तिथली पाटी वाचून पैसे भरायचे, म्हणून कार्ड आणि फोन सोबत असू द्या. अरुंद गल्ल्यांत, कुणाच्या घरासमोर किंवा शेताच्या फाटकाला अडवून गाडी लावू नका. रविवारीही शेतकऱ्याला ट्रॅक्टर बाहेर काढायचा असतो.

गाडी नसेल तर पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने स्लावला या आणि तिथून फार्नहॅम कॉमनवरून बेकन्सफील्ड, हाय वायकमकडे जाणारी बस घ्या. गावात उतरून बीचेस रोडने दहा-पंधरा मिनिटं चाललं की रान सुरू होतं. रविवारी बस कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ जाण्याआधीच बघून ठेवा. बर्नहॅम नावाचं स्टेशनही एलिझाबेथ लाइनवर आहे, पण नावावर जाऊ नका. रान तिथून तीनेक मैल लांब आहे आणि मधले काही रस्ते पदपथाशिवायचे आहेत.

मुख्य रस्त्याजवळ कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर आत जाण्यापूर्वी तिथे जाऊन या. आत कुठेही सोय नाही.

काय घालायचं, काय घ्यायचं

चिखल. इंग्लंडच्या रानाबद्दल कुणी आधी सांगायला हवी अशी एक गोष्ट असेल तर ती ही. आपल्याकडे पावसाळा संपला की वाट वाळते. इथे पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, झाडीखाली ऊन पोहोचत नाही, आणि ऑक्टोबर ते एप्रिल वाटा चिकट राहतात. पांढरे स्पोर्ट्स शूज घरी ठेवा. घोट्याला धरणारे, खाली खाचा असलेले बूट, किंवा गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन उत्तम. जीन्स ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. साधी ट्रॅकपँट बरी. एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे आणि वर पाणी न झिरपणारं जाकीट. मोजे लांब असू द्या, कारण पँट त्यात खोचायची आहे. त्याचं कारण पुढे गोचिडांबद्दल लिहिताना येईल.

आई-सासूबाई सोबत असतील तर त्यांना साडीवर चप्पल घालून आणू नका, कितीही म्हणाल्या तरी. माझ्या आईने पहिल्यांदा नकार दिला, मग माझे जुने बूट आणि सलवार-कमीज घातली, आणि आता तिला तेच लागतं. गुडघे दुखत असतील तर चालण्याची काठी घ्या. कॅफेच्या जवळ सपाट, पक्क्या वाटाही आहेत. बाबागाडी आणि व्हीलचेअर त्यांवरून जाते.

खायला आपला डबाच बरा. दशम्या, तिखट पुऱ्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. पसरून बसायचं असेल तर प्रवेशाजवळच्या मोकळ्या गवतावर बसा, जुन्या झाडांच्या बुंध्याशी नको. बुंध्याभोवतीची माती माणसांच्या वावराने घट्ट होते आणि मुळांना हवा-पाणी मिळत नाही. शेगडी, बार्बेक्यू, उदबत्ती, काहीही पेटवायचं नाही. केळ्याची साल, संत्र्याची सालं, शेंगांची टरफलंसुद्धा पिशवीत परत आणायची. थंड हवेत ती महिनोन्‌महिने कुजत नाहीत.

आणखी तीन वस्तू: बॅटरी (टॉर्च), बारीक टोकाचा चिमटा आणि नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी वेष्टनाचा एक्सप्लोरर नकाशा मिळतो. बर्नहॅम बीचेससाठी त्याचा क्रमांक १७२. त्यावर सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. फोनवरचा नकाशा वापरणार असाल तर घरूनच उतरवून घ्या. आणि एकटे जात असाल तर कुठे निघालात, कधीपर्यंत परताल, हे घरी किंवा मैत्रिणीला सांगून जा. अडचण आली तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आत गेल्यावर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तिथे बघायला काय आहे?

आधी फोन आवाज बंद करून खिशात. मग वाटेवरून दहा मिनिटं चाला, गाड्यांचा आवाज मागे पडेपर्यंत, आणि थांबा. पडलेल्या ओंडक्यावर बसा, पण बसण्यापूर्वी वर बघा: डोक्यावर वाळकी फांदी लटकत नाही ना? जुनी बीच झाडं वारा नसतानाही अचानक फांदी टाकतात. वादळी वाऱ्याच्या दिवशी तर या रानात जाऊच नये.

पहिली पाच मिनिटं काही होत नाही. आपण आलो की पक्षी गप्प होतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला पानांत खसखस सुरू होते. ती बहुधा राखाडी खार असते; ती मूळची अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकात इथे आणून सोडलेली. मग जवळच रॉबिन येतो, तांबड्या छातीचा. तो माणसाला फारसा भीत नाही, कारण जमीन उकरणाऱ्या प्राण्यामागे किडे मिळतात हे त्याला ठाऊक असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुतार पक्षी वाळक्या फांदीवर चोच आपटतो. तो खाणं शोधत नसतो, ही माझी जागा आहे हे तो ढोल वाजवून सांगत असतो.

आणि मग एखाद वेळी डोक्यावरून कर्कश ओरडत हिरवा थवा जातो. तुम्ही दचकून वर बघाल, कारण हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. ते पोपटच आहेत, आपल्याकडचे, गळ्याभोवती कंठ असलेले. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांची संख्या लंडन आणि आसपासच्या भागात गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढली आहे. माझे बाबा तो थवा पाहून उभेच राहिले होते, आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येत राहिला आणि कुत्रं दिसलं नाही, तर तो मुंटजॅक. सह्याद्रीत हिंडलेल्यांना हा आवाज माहीत असेल: आपलं भेकर असंच भुंकतं. इथलं भेकर चीनमधल्या जातीचं, विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या वनोद्यानांतून निसटून पसरलेलं. ते गुडघ्याहून थोडं उंच असतं, पाठ कमानीसारखी, आणि दिसलं तरी क्षणभरच.

पण बर्नहॅम बीचेसमध्ये खरं पाहायचं ते झाडांकडे.

बीचची साल राखाडी आणि गुळगुळीत असते, हत्तीच्या पायासारखी. सरळ वाढलेलं झाड खांबासारखं वर जातं. इथली जुनी झाडं मात्र तशी नाहीत. बुंधा बुटका, अवाढव्य, गाठी आलेला, बऱ्याचदा आतून पोकळ. आणि दोन-तीन मीटर उंचीवरून एकदम दहा-बारा जाड फांद्या फुटलेल्या. यांना इथे पोलार्ड म्हणतात. हे गायरान होतं हे आठवा. गावकऱ्यांना जळण हवं होतं आणि त्याच जागी गुरंही चरत होती. झाड जमिनीलगत तोडलं तर नवे कोंब गुरं खाऊन टाकणार. म्हणून गुरांचं तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ते छाटायचे. काही वर्षांनी फांद्या वाढल्या की पुन्हा छाटायचे. कोकणात आणि मावळात राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या वर्षानुवर्षं तोडलेल्या आपण पाहतो, ती झाडं आठवतील. तिथे फांद्या शेतात भाजणीला जातात, इथे चुलीत जात.

या छाटणीने झाडं मेली नाहीत, उलट जास्त जगली. बीच एरवी अडीचशे-तीनशे वर्षांत थकतं. छाटलेल्या झाडाचा पसारा लहान राहतो, वाऱ्याने ते उन्मळत नाही. पुढे कोळसा स्वस्त झाला, जळणासाठी रानात जाण्याचं कारण उरलं नाही, आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वी छाटणी थांबली. तेव्हा कोवळ्या असलेल्या फांद्याच आज झाडासारख्या जाड झाल्या आहेत आणि पोकळ बुंध्याला त्यांचा भार पेलत नाही. म्हणून तिथले कामगार आता थोडं थोडं करून तो भार उतरवतात. एकदम उतरवला तर म्हातारं झाड धक्क्यानेच जाईल. हे काम मी एकदा हिवाळ्यात दुरून पाहिलं. माणूस दोरावर, हातात करवत, आणि एक फांदी कापण्याआधी खाली उभे राहून दोघांची बराच वेळ चर्चा चाललेली. आजारी वडीलधाऱ्यांबद्दल डॉक्टरशी बोलावं तसं ते वाटलं.

बीचबरोबर ओकचेही जुने पोलार्ड आहेत. त्यांतला ड्रुइड्स ओक हा सर्वांत जुना, वय सुमारे ८०० वर्षं मानतात. म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हाचं हे रोप. नकाशावर तो दाखवलेला आहे. तुम्हाला एखादं ठिकाण गाठायचंच असेल तर हे गाठा. शेजारी उभं राहायचं, बुंध्यावर चढायचं नाही, पोकळीत मुलं बसवायची नाहीत. त्या पोकळीतल्या कुजक्या लाकडाच्या भुशात जगणारे भुंगे आणि माश्या दुर्मीळ आहेत, आणि हे रान जपण्याचं एक मोठं कारण तेच आहेत. पडलेलं लाकूड ‘साफ’ का करत नाहीत असं पाहुणे विचारतात, त्याचंही हेच उत्तर.

माझ्या आईने त्या ओकला हात जोडले. आपल्याकडे देवराईत जोडतो तसेच, काही ठरवून नाही. हात जोडायला हरकत काय असणार. फक्त दोरा बांधू नका, हळद-कुंकू लावू नका, सालीत नाणं ठोकू नका. साल ही झाडाची कातडी आहे.

गुरं आजही आहेत. गळ्यात कॉलर घातलेल्या गाई मोकळ्या चरताना दिसतील आणि कुंपण दिसणार नाही. कॉलरमध्ये जीपीएस असतं. ठरलेल्या हद्दीजवळ गाय आली की कॉलर सूर वाजवते आणि ती वळते. गुरांनी खुरटी झुडपं खाल्ली की जुन्या झाडांना ऊन मिळतं, म्हणून हे चारणं मुद्दाम पुन्हा सुरू केलं आहे. गाय दिसली की आपला हात आपसूक पुढे जातो, पण पोळी भरवायची नाही, आणि वासरू असेल तर लांबून जायचं.

वाटेत समोरून येणारा माणूस ‘मॉर्निंग’ म्हणेल. तुम्हीही म्हणा. लंडनच्या ट्रेनमध्ये शेजारच्याकडे न बघणारी हीच माणसं रानात ओळख नसताना बोलतात. घोडा आला तर बाजूला थांबा आणि स्वाराशी दोन शब्द बोला; आवाज ऐकला की घोड्याला कळतं की झुडपात उभा आहे तो माणूस आहे. फाटक लागलं तर ते जसं होतं तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

मोठा गट घेऊन जाणार असाल तर एक विनंती. आपण दहा जण जमलो की आनंदाने मोठ्याने बोलतो, स्पीकरवर गाणी लागतात, मुलांना लांबून हाका मारतो. हे सगळं प्रवेशाजवळच्या गवतावर खुशाल करा. आत शिरताना गटाचे दोन-दोन, तीन-तीन करा आणि वेगळ्या वाटांनी जा, तासाभराने ओंडक्यापाशी नाहीतर कॅफेत भेटा. मुलांना शांत राहा म्हणून काही होत नाही. त्यांना काम द्या: वेगवेगळे पाच आवाज मोजून ये. माझा मुलगा सात वर्षांचा असताना अकरा मोजून आला होता, त्यात एक विमान होतं. हीथ्रो जवळच आहे, त्यामुळे विमानं येतातच.

गोचीड, अळंबी आणि खाजणारी पानं

गोचीड इथेही आहे, आणि काही गोचिडांतून लाइम नावाचा आजार होतो. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत जास्त जपायचं. पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढं असतं. उंच गवत आणि नेचे टाळा, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांच्या कडेला. सापडलं तर चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर, सावकाश ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं, मीठ टाकणं, हे आपले घरगुती उपाय इथे करू नका. त्याने गोचीड पोटातलं आत सोडतं. पुढच्या एक ते चार आठवड्यांत, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही, गोल पसरणारा लालसर चट्टा दिसला किंवा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. वेळेवर औषध घेतलं की बरं होतं.

शरद ऋतूत अळंब्या उगवतात, तऱ्हेतऱ्हेच्या. कोकण-गोव्याच्या मंडळींचे डोळे लगेच चमकतात. बर्नहॅम बीचेसमध्ये त्या तोडायला मनाई आहे. शिवाय इंग्लंडच्या झाडीत डेथ कॅप नावाची फिकट हिरवट अळंबी उगवते. दिसायला साधी, शिजवून विष जात नाही, आणि यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. गावच्या अनुभवावर इथे भरवसा ठेवू नका, बघा आणि पुढे चला.

वाटेकडेला कातरलेल्या कडांची, लवदार पानं दिसली तर ती नेटल. खाजकुइलीसारखी आग होते, पण बहुधा काही तासांत ओसरते. लहान मुलांचे पाय झाकलेले असले की पुरे.

परत आल्यावर

बूट घरात नेण्यापूर्वी बाहेरच चिखल घासून काढा आणि तळवे धुऊन वाळू द्या. हे फक्त घराच्या फरशीसाठी नाही. झाडांचे काही रोग मातीतून पसरतात, आणि पुढच्या शनिवारी तुम्ही दुसऱ्या रानात गेलात तर या रानातली माती तिकडे जायला नको.

मग एक तारीख लिहून ठेवा आणि सोबत एका झाडाची खूण: कॅफेपासून कोणत्या वाटेने, किती पावलांवर, कोणत्या बाजूला. ड्रुइड्स ओकच असला पाहिजे असं नाही, तुम्ही ज्याच्याजवळ बसलात ते. पुढच्या वेळी वेगळ्या ऋतूत जा आणि त्याच झाडापाशी बसा. माझं झाड मुख्य रस्त्यापासून आत डावीकडे आहे, एका बाजूने फाटलेलं, आणि त्याच्या पोकळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. गेल्या वसंतात त्याची एक मोठी फांदी जमिनीवर आली होती. फांदी तिथेच ठेवलेली आहे, आणि आईने त्या दिवशी चहा तिच्यावर बसूनच घेतला.